मी वाचून दाखवलेलं पत्र

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, ती कौसल्याबाई तर आता नाहीच. तीन आठवडे झाले तिला जाऊन. या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी कागद समोर घेते, दोन ओळी लिहिते, खोडते. बारा वर्षं ज्या हाताने रजिस्टरं भरली, तो एका वाक्यापाशी येऊन असा का अडतो?

आधी रागाचं लिहिते. राग सोपा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक नवा अधिकारी आला. शिकलेला, सभ्य, हळू बोलणारा. चहा घेताना म्हणाला, "मॅडम, या बायकांना युनियन कशाला लागते हेच मला कळत नाही. बाहेरचं कोणीतरी येऊन भडकवतं, दुसरं काय!" सगळे हसले. मीही हसले — हे लिहून ठेवते. आणि मग दिवसभर माझ्या अंगाची आग होत होती. कशाला लागते? अरे, कधी विचारलंस का एखादीला?

मी उमरेड रस्त्यावरच्या एका मसाल्याच्या कारखान्यात नोकरी करते. भिवापूरकडची मिरची येते, दळली जाते, पुड्यांत भरली जाते. भरायचं काम बायकांचं. मी लागले तेव्हा चाळीस होत्या, सगळ्या ठेकेदाराच्या. दिवसभर हात तिखटात. हातमोजे दोन दिवसांत फाटायचे, नवे महिन्याने मिळायचे. संडास आवाराच्या टोकाला. पाणी आत, एका ड्रममध्ये. बाहेर नळ नाही. आता तुम्हीच पाहा — बाईला आत जायचंय, हात कोपरापर्यंत तिखटाने माखलेले, आणि जाण्याआधी ते धुवायला थेंबभर पाणी नाही. ड्रममधून पाणी घ्यायच्या डब्यालाही आधीच्या बाईच्या हाताचं तिखट. पाळीच्या दिवसांचं मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, सकाळी घरून निघताना एक ग्लास — मग थेट घरी गेल्यावर.

नळ पहिल्यांदा मागितला शांताबाईने, एकटीने. सुपरवायझर सगळ्यांसमोर, पोती उतरवणाऱ्या माणसांसमोर मोठ्याने म्हणाला, "काहून शांताबाई, कुठं झोंबलं?" ती माणसं हसली. शांताबाई वजनकाट्यामागे जाऊन उभी राहिली आणि सुट्टी होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले तेव्हा कौसल्याबाई म्हणाली, "एकटीनं मांगितलं का हसतेत. चाळीस जणी मिळून मांगू. मंग पाहू, कोणाले हसू येते."

बस. युनियन एवढीच होती. बाहेरचं कोणी आलं नव्हतं. तो शब्दसुद्धा त्यांच्या तोंडी नंतर आला. आधी आलं ते एवढंच — एकटीवर हसतात.

कौसल्याबाई आमच्याच वस्तीतली, आमच्यापासून चार घरं सोडून. मी बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसले होते, पुस्तकं वाचत. तिनेच मला इथे चिकटवलं. मी भरलेल्या पुड्या काट्यावर तोलायची आणि रजिस्टरात लिहायची. त्या सगळ्या बायकांत माझे एकटीचे हात स्वच्छ. म्हणून दिवसातून दहादा हाक यायची, "मास्तरीण, डोळ्यावरचे केस सार वं तेवढे." तिखटाच्या हाताने स्वतःच्या कपाळाला हात लावायची सोय नसते. कोणाचे केस मागे करायचे, कोणाचा घाम टिपायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्यात मला थोडं मोठेपणही वाटायचं.

कामगार कार्यालयाला द्यायचा अर्ज मीच लिहिला. पहिली मागणी नळाची. "साबण बी लिही वं मास्तरीण," कौसल्याबाई म्हणाली, "मांगूनच राहिलो तं पुरं मांगू. वास येणारा लिही." चाळीस बायका पोट धरून हसल्या. सह्या झाल्या, अंगठे झाले. पत्ता कौसल्याबाईच्या घरचा दिला, कारण पुढारी तीच.

आता पुढचं. इथेच मी तीन आठवडे अडले आहे.

व्यवस्थापकाने मला एक दिवस रजिस्टर घेऊन बोलावलं. अर्जाचं अक्षर कोणाचं ते त्याला कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तो एवढंच म्हणाला, "तुमचं अक्षर छान आहे. ऑफिसात एक जागा होतेय. बघू." धमकी नाही, आमिष नाही. काहीच मागितलं नाही त्याने — हे मला पुन्हा लिहू द्या. त्याने काहीच मागितलं नाही. निघताना मी ऑफिसच्या मागचं बाथरूम वापरलं. दाराला आतून कडी होती. नळ होता. नळापाशी ताटलीत हिरवा साबण. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

आठवड्याने पत्र आलं. कौसल्याबाईने ते डब्याच्या पिशवीतून आणलं, न फोडता. तिला बसवरची पाटी वाचता यायची, पण सरकारी मराठी पुढे आलं की ती कागद दुसऱ्याकडे सरकवायची. "तूच फोड वं," ती म्हणाली, "माह्या हातानं तिखट लागन त्याले." सगळ्या भोवती जमल्या.

पत्रात लिहिलं होतं की पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन्ही बाजूंनी कार्यालयात चर्चेला हजर राहावं. कामगारांच्या वतीने कोणी आलं नाही, तर त्यांना यात रस नाही असं समजून प्रकरण बंद केलं जाईल.

मी वाचलं — "आपला अर्ज प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे. बैठकीचा दिनांक यथावकाश कळविण्यात येईल."

ते वाक्य मी उभ्या उभ्या रचलं. अडखळले नाही. आयुष्यभर जी पुस्तकं वाचली, ती सगळी त्या एका वाक्याच्या कामी आली.

"यथावकाश म्हंजे?" कौसल्याबाईने विचारलं.

"सवडीनं."

"सरकारले सवड कवा भेटन बाप्पा!" ती म्हणाली. पुन्हा सगळ्या हसल्या. मी पत्र घडी करून "फाइलला लावते" म्हटलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

का? लोक म्हणतील खुर्चीसाठी. हो, खुर्चीसाठी, कडीसाठी, साबणासाठी. पण त्या बायकांनाही नेमकं तेच हवं होतं ना? तोच नळ, तोच साबण. त्यांनी तो चाळिसांसाठी मागितला. मी एकटीपुरता घेतला. फरक एवढाच.

मंगळवार आला. तेव्हाही वेळ होती. दहा वाजता बोलले असते तर रिक्षाने दोघीतिघी पोचल्या असत्या. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी असताना कौसल्याबाईने हाक मारली, "मास्तरीण, केस सार वं." मी गेले. तिचे केस कानामागे केले. तिने डोळे मिटून घेतले होते, लहान पोरीसारखे. "हात थंडगार काहून तुह्ये?" तिने विचारलं. मी काट्यापाशी परत आले आणि पुढची पुडी तोलली.

दुपारी व्यवस्थापक कामगार कार्यालयातून परतला आणि त्यानेच सगळ्यांना सांगितलं — तुमच्याकडून कोणी आलं नाही, प्रकरण बंद. तारखेची नोटीस तुमच्या पुढारी बाईंच्या घरी गेली होती, त्यांनाच विचारा.

बायकांनी हिशोब सरळ लावला. पहिलं पत्र तर मास्तरणीने सगळ्यांसमोर वाचलं, त्यात तारीख नव्हती. म्हणजे तारखेचं दुसरं पत्र आलं असणार आणि ते कौसल्याबाईने दाबलं. तिने सेठशी तोडपाणी केलं. ती शपथा घेत राहिली, दुसरं पत्र आलंच नाही म्हणून. पोस्टमनशी भांडून आली. शांताबाई सगळ्यांत पुढे होती. "माह्यावर हसले होते ना ते? तूही हसून घे आता," ती म्हणाली आणि कौसल्याबाईपुढे जमिनीवर थुंकली.

मी काटा पुसत होते. एका मिनिटाचं काम होतं. पर्स उघडायची, पत्र काढायचं.

महिन्याभरात ठेकेदाराने कौसल्याबाईला कामावरून काढलं. तिच्या बाजूने एकही बाई उठली नाही. कशी उठेल? त्याच महिन्यात मला ऑफिसात खुर्ची मिळाली. त्याचा कोणाला संशयही आला नाही. मास्तरीण शिकलेली, तिला मिळणारच. शिकलेल्या बाईवर आमच्या वस्तीत लोक असा विश्वास टाकतात, आणि त्या विश्वासाचं मी हे केलं.

बाहेरचा नळ चार वर्षांनी लागला, कुठलीशी तपासणी येणार होती म्हणून. ती मधली चार वर्षं माझ्या नावावर आहेत.

कौसल्याबाई पुढे लोकांकडे भांडी घासत राहिली. वस्तीत तिच्याकडे कोणी हळदीकुंकवाचंही म्हणायला गेलं नाही, असं मी लिहिणार होते — पण आम्ही बौद्ध, आमच्यात ते नाहीच. आमच्यात बायका विहारात भेटतात. तिथे ती यायची, मागच्या भिंतीशी बसायची. तिच्या आजूबाजूची चटई रिकामी असायची.

तिच्या पुण्यानुमोदनाला मात्र सगळ्या विहारात आल्या. पांढरी लुगडी, समोर तिचा फोटो, मेणबत्त्या. मी उशिरा पोचले. वंदना संपल्यावर शांताबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मेल्या माणसाले वाईट बोलू नाही वं. पण नोटीस तं तिनं दाबलीच होती." मी मान हलवली. नाही म्हणून नाही. हो म्हणून.

निघताना कौसल्याबाईची मुलगी दारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "माय म्हणे, मास्तरणीले मालूम होतं मी तसं केलं नाही. पण बोलली असती तं तिची नोकरी गेली असती. तिच्यावर राग नको धरू म्हणे."

मी तिच्या हातातून हात सोडवला आणि घरी आले. तिलाही सांगितलं नाही.

तेव्हा इथे लिहिते, नीट, एकही शब्द न बदलता. दुसरं पत्र आलंच नव्हतं. पत्र एकच होतं, त्यात तारीख होती, आणि ते मी चुकीचं वाचलं. मुद्दाम. कोणी सांगितलेलं नसताना. कौसल्याबाईने कोणाला विकलं नाही. शांताबाई, तुम्हाला जिने विकलं ती त्या दिवशी विहारात उशिरा आली होती, आणि जागा नाही म्हणून दारात उभी होती. तुम्ही तिला हाताने खूण केली, थोडं सरकलात, आणि आपल्या शेजारी चटईवर बसवून घेतलंत.