करंगळीवाचून कडा

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि हातावर कापसाचा बोळा फिरवला. "लागेल तिथे बोट ठेवा," म्हणाले. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी डोळे उघडले, तर बोळा माझ्या उजव्या करंगळीवरच होता.

"लेप्रसी," ते म्हणाले. म्हणजे महारोग. कोपराजवळची नर्व्ह त्यांनी मला चाचपायला लावली. नर्व्ह म्हणजे स्पर्शाची बातमी डोक्याकडे नेणारी शीर. माझी सुजून दोरीएवढी झाली होती.

आता माझा मूर्खपणा सांगतो. आमचं घर निघोज्याचं, म्हणजे मध काढणाऱ्याचं. डोंगराच्या कड्यावर चढून आग्या मोहोळं काढायची, हे आमचं पिढ्यांचं काम. दवाखान्यात येण्याआधी दोन वर्षं माशा डसल्या तरी माझ्या हाताला कळेना. गाव म्हणालं, देवीचा हात आहे याच्यावर. मीही मिरवलो. दोन मोसम मिरवण्यात गेले. तुमच्या अंगावर असा बधिर डाग असेल तर कौतुक करून घेऊ नका, दवाखान्यात जा.

दर महिन्याला सल्फोनच्या गोळ्यांसाठी पुण्याला जायचं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही सगळे रोगी एकमेकांकडे न बघता बसायचो. डॉक्टर सांगत, "आजाराने बोटं आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या जखमा चिघळतात, म्हणून जातात. रोज हात बघा."

"आणि कडा?" मी विचारलं.

"जो हात दगड ओळखत नाही, त्याच्यावर जीव टांगू नका."

कड्यावाचून मी कोण, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुपारी पडल्या पडल्या मी मनातच कडा चढायचो. दगड ऊन ऊन लागायचा, खालचं गाव पाण्यात बुडाल्यासारखं हलायचं. त्या तंद्रीत एक ध्यानात आलं. मी आजवर नुसत्या हातांनी ओढत वर जायचो. पाय आपले मागून यायचे.

मग परसातल्या पुरुषभर उंच खडकावर शिकायला लागलो. अनवाणी, डोळे मिटून. अंगठ्याखाली खडकाची कड लागली की थांबायचं. टाच खाली सोडली की पोटरी सैल व्हायची. कंबर खडकाला भिडवली की हातांवरचा भार निम्मा व्हायचा. श्वास कोंडला की पाय थरथरायचे. बायको, हौसा, रोज संध्याकाळी माझी दहाही बोटं उलटीपालटी करून बघायची. तिला किळस कधीच आली नाही. तिचे उपकार कसे फेडू?

दोन वर्षांनी डॉक्टरांनी नाखुशीनेच कड्यावर चढायला होकार दिला. हौसा कड्याखाली उभी राहिली. मी पायांनी चढलो, हात नुसते तोल सांभाळत होते. किती हलकं वाटलं! मोहोळ चार हातांवर आलं आणि उजवा खांदा जड झाला. मी जागच्या जागी श्वास घेतला. जडपणा गेला नाही. मी उतरलो.

"आवो, मोहोळ तर वरच ऱ्हायलं. काय झालं?"

"खांदा नको म्हणला."

"आन् तुमी आयकलं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "चला घरी."

माझ्या अंगानं आधीही कितीदा सांगितलं असेल. माझंच लक्ष नव्हतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी मधावाचून घरी आलो, आणि वाटभर गुणगुणत होतो.