पानावरचा दुसरा घास

या सदरात येणारे अनुभव मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. परंतु त्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही, हे आरंभीच नमूद करतो. मी श्रद्धाळू मनुष्य आहे. त्रिकाळ नाही तरी सकाळ-सायंकाळची संध्या आजही सुटलेली नाही. पण माझ्या मते ज्याची देवावर श्रद्धा आहे, त्याला भुताखेतांची गरज पडत नाही. कोणी अशी गोष्ट सांगू लागले की मी मान हलवून ऐकून घेत असे आणि घरी येऊन विसरून जात असे. जे मी आता लिहीत आहे, ते मात्र विसरता आलेले नाही... आणि समजलेलेही नाही.

मी आर्वीला एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. १९७५-७६ चा सुमार असेल. पंचेचाळिशी ओलांडली होती, दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या, आणि वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचे सांगून अंगमेहनत करण्याची ताकीद दिली होती. मी एक सेकंडहँड सायकल घेतली आणि त्या वयात शिकलो. धोतराचा काचा घट्ट मारून, शाळेच्या मैदानावर, सुटीच्या दिवशी पहाटे — म्हणजे विद्यार्थ्यांनी पाहू नये म्हणून. पडलो, खरचटलो, पण महिन्याभरात पुलगाव रस्त्याने रोहण्यापर्यंत जाऊ लागलो. पुढे एकदा परततांना उशीर झाला, म्हणून रोहण्याच्या अलीकडे एका नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली मुक्काम केला. सकाळी जाग आली तेव्हा अंगावर दव होते, दूरवर पुलगावची छोटी गाडी शिटी देत होती, आणि मला वाटले — इतकी वर्षे मी घरात कशाला झोपत होतो?

तेव्हापासून तो छंदच जडला. शनिवारी शाळा सुटली की कॅरिअरवर ताडपत्री, सतरंजी, कणकेची पिशवी, तांब्याचा तांब्या बांधायचा आणि निघायचे. तीन दगडांची चूल मांडून वरण शिजवावे, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजावेत, आणि रात्री आकाशाकडे पाहत पडून राहावे. या वयात असे उघड्यावर राहणारा मनुष्य आमच्या आळीत दुसरा नव्हता.

आता कुत्र्यांविषयी. आमच्या घरात कुत्र्याचा स्पर्श झाला तर आंघोळ करीत, मग माझ्या या मुक्कामांना दोन कुत्री सोबत कशी आली असे कोणी विचारील. जेवणापूर्वी श्वानबली ठेवण्याची आमची परंपरा. यमाच्या दारी श्याम आणि शबल असे दोन श्वान आहेत, त्यांच्या नावाने दोन घास पानावर ठेवून ते पान फाटकाबाहेर ठेवायचे. आमच्या वडिलांनी त्यात आपला एक नियम घालून दिला होता : घास ठेवला की हात धुवावेत आणि मागे वळून पाहू नये. कोणी खाल्ले हे ज्याने पाहिले, तो दुसऱ्या दिवशी आवडत्यालाच वाढू लागतो, असे ते म्हणत.

तर त्या पानावर दोन पिल्ले येऊ लागली. एक ठिपक्यांचे, वयाने थोडे मोठे. एक निखळ काळे. दुसरी नावे सुचणे शक्यच नव्हते : ठिपक्यांचा तो शबल, काळा तो श्याम. सुशीलेने, म्हणजे माझ्या पत्नीने, कपाळाला हात लावला. म्हणाली, "यमाच्या कुत्र्यांची नावं कोणी दारात हाका मारायला ठेवतं का?" पण महिन्याभराने तीच फाटकाशी उभी राहून त्यांना हाका मारी.

मी त्यांना कधी बरोबर घेतले नाही. ती आपणहून आली. पहिल्याच वेळी नाक्यापर्यंत सायकलमागे धावली, मी रागावलो, तरी धावतच राहिली. मग मीच वेग कमी केला. शेजारच्या वामनरावांचे शेत त्याच रस्त्याला होते. बैलबंडीवरून त्यांनी मोठ्याने विचारले, "गुरुजी, कुत्रे घेऊन सोर्गात चाल्ले का? मंग सायकल कायले? तिथं त पायीच जा लागते." पुढे कितीतरी वर्षे मी दिसलो की ते "सोर्ग किती दूर राह्यला?" असे विचारीत.

त्या दोघांची खाण्याची रीत सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे तिच्याशीच जोडलेले आहे. शबल थोरला, तो आधी खाई. त्याचा घास संपेपर्यंत श्याम पुढचे पाय एकमेकांवर टाकून बसून राही; कितीही भूक असो, तोंड लावीत नसे. थोरल्याचे झाले की मग धाकटा. आणि दोघांचे खाणे आटोपले की शबल ते रिकामे पळसाचे पान तोंडात धरून सायकलच्या मागच्या चाकापाशी नेऊन ठेवी. पिशवी कॅरिअरला टांगलेली असे म्हणून असेल. सुशीला म्हणे, "तो भांडी आवरतो. घरात एक तरी पुरुष आवरणारा आहे." घास ठेवतांना मी पाहत नसे, पण मुक्कामावर पोळीचे उरलेले तुकडे टाकतांना ही रीत मी शेकडो वेळा पाहिली होती.

नाल्याकाठी आमची ओळख सोनाबाईशी झाली. ती जवळच्या गोंड वस्तीतली, शेळ्या चारी. शेळ्यांना ती आपल्या भाषेत हाका मारी, आमच्याशी मात्र वऱ्हाडीत बोले. पहिल्याच दिवशी ती काठी टेकून उभी राहिली आणि विचारू लागली, "गुर्जी, बाईनं घरातून काढून देल्लं का तुमाले? झाडाखाली काऊन झोपता?" शबल तिच्या शेळ्यांच्या मागे धावे, म्हणून ती त्याला दर खेपेला शिव्या देई आणि जातांना त्याच्यासाठी भाकरीचा तुकडाही टाकी. आम्ही तिथे नसलो तर पुढच्या खेपेला ती जाब विचारी.

अशी पाच-सहा वर्षे गेली. त्या वर्षांइतका स्वस्थ मी आयुष्यात कधी नव्हतो.

ऐंशी साल उलटल्यानंतरच्या एका भाद्रपदाच्या अखेरीस शबलाला कसलासा ताप आला. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, दुसरेही दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीच्या पायरीशी येऊन पडला. मी खाली बसलो, त्याने डोके माझ्या मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत मी त्याला हात लावलेला नव्हता. तो गेल्यावरही बराच वेळ मी आंघोळीला उठलो नाही, आणि सुशीलेनेही उठा म्हटले नाही. वामनरावांनी आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, खड्डा खणून दिला. त्या दिवशी त्यांनी स्वर्गाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नित्याप्रमाणे मी दोन घास ठेवले. थोड्या वेळाने सुशीलेचा आवाज आला, "हा खात नाही हो." श्याम पानासमोर पुढचे पाय एकमेकांवर टाकून बसला होता. थोरल्याने खाण्याची वाट पाहत होता. कावळ्यांनी दोन्ही घास नेले तरी तो तसाच बसून होता.

मग आम्ही सर्व केले. एकच घास ठेवून पाहिला. वाटीत दूध-भाकर कुस्करून दिली. सुशीलेने सोवळे बाजूला ठेवून हाताने भरवण्याचा प्रयत्न केला. तो मान फिरवून रिकाम्या जागेकडे पाही आणि पुन्हा पायांवर हनुवटी टेकी. पाणी तेवढे पीत असे. फासळ्या दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, रोग काहीच नाही, पण असाच राहिला तर हाही आठवड्यात जाईल.

त्या रात्री सुशीला म्हणाली, "त्याला तुमच्या नाल्यावर घेऊन जा. जिथे ते दोघं सुखात जेवले तिथे खाल्लं तर खाईल. इथे तो खायचा नाही."

त्याला धावणे शक्य नव्हते. सायकलवाल्याने कॅरिअरवर वेळूची टोपली तारेने घट्ट आवळून दिली. मी श्यामला उचलून तिच्यात ठेवले... तो फार हलका लागला. आश्विन लागला होता, दोन्ही बाजूंना कपाशीला बोंडे धरली होती. रस्ताभर लोक थांबून पाहत होते, पण कोणी हसले नाही. चढावर मी उतरून सायकल ढकलीत होतो आणि टोपलीतून त्याचा श्वास ऐकत होतो.

नाल्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. मोहाला सायकल टेकवली, श्यामला त्याच्या नेहमीच्या जागी ठेवले. त्याच दगडांची चूल पेटवली, रोडगे भाजले. एक रोडगा फोडून, तुपात कालवून, पळसाच्या पानावर दोन घास ठेवले. श्यामने पाय एकमेकांवर टाकले. मी नाल्यावर गेलो, हातपाय धुतले आणि सायंसंध्येला बसलो. तोंड पश्चिमेकडे, पाठ झाडाकडे.

जप निम्मा झाला असेल. मागून श्यामचा आवाज आला — भुंकणे नव्हे, घशातल्या घशात काढलेला बारीकसा आवाज. शबल कुठे फिरून परतला की तो असाच आवाज काढी. मग शांतता. मग कोणीतरी खात असल्याचा आवाज, सावकाश. मग थोडे थांबून पुन्हा खाण्याचा आवाज. या वेळी घाईने, उपाशी प्राणी खातो तसा. सुकलेल्या पाचोळ्यावरून काहीतरी ओढत नेल्यासारखे वाजले. आणि माझ्या पाठीशी, अगदी हात मागे केला असता तर लागला असता इतक्या जवळून, काहीतरी पाण्याकडे गेले.

मी वळलो नाही. वडिलांच्या नियमामुळे म्हणावे, तर ते पूर्ण खरे नाही. मला भीती वाटली की मी पाहिले तर श्यामचे खाणे थांबेल. जप पुरा केला, आचमन केले, उठलो.

श्याम जिभल्या चाटीत होता. त्याच्यासमोर पान नव्हते. ते सायकलच्या मागच्या चाकापाशी होते, रिकामे.

मी तिथेच उभा होतो तेव्हा नाल्यापलीकडून सोनाबाई शेळ्या घेऊन उतरली. नेहमीसारखी रागातच. "गुर्जी, किती दिवसांनं आले. मले वाटलं बाईनं घरात घेतलं." मग काठी टेकून म्हणाली, "तुमचा ठिपक्यावाला बुढा झाला वाट्टे. आज बकऱ्यांमांगं धावलाच नाई."

मी विचारले, "तू कधी पाहिलंस त्याला?"

"आत्ता त पाह्यला. खाल्लं त्यानं, काळ्यानं खाल्लं, पान नेऊन ठेवलं चाकापाशी. अन् तुमच्या मांगून नाल्यात उतरला. तुम्ही डोळे लावून बसले होते."

मी तिला सांगितले, तो ठिपक्यावाला भाद्रपदातच गेला. शेळ्या पुढे गेल्या तरी ती उभी राहिली. मग कमरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढून तिने नाल्याच्या काठावर ठेवला — श्यामपुढे नव्हे, पाण्याजवळ — आणि निघतांना म्हणाली, "त्याचा घास बंद करू नका, गुर्जी. ठेवत जाजा."

मी तर्क करून पाहिले आहेत. एखादे भटके ठिपक्यांचे कुत्रे आले असेल. पण श्याम परक्या कुत्र्याला पानाच्या जवळही फिरकू देत नसे. दोन्ही घास त्यानेच खाल्ले असतील आणि पानही त्यानेच नेले असेल. पण मग सोनाबाईने काय पाहिले? तिची नजर उतरत्या उन्हात फसली असेल... आणि माझ्या पाठीमागून गेले ते? वामनरावांना सांगितले तेव्हा ते तंबाखू मळीत होते. मग म्हणाले, "एकदा वळून पाहाले काय झालं असतं, गुरुजी?"

घरी आल्यावर श्याम खाऊ लागला. पान ठेवले की तो पाय एकमेकांवर टाकून बसे, थोडा वेळ थांबे आणि मग उठून खाई. कशासाठी थांबे, ते मी पाहिले नाही. तो पुढे पुष्कळ वर्षे जगला, टोपली काढून टाकल्यावर पुन्हा सायकलमागे रोहण्यापर्यंत धावला, आणि म्हातारा होऊन झोपेतच गेला. त्यानंतर मी मुक्कामाला गेलो नाही. नाल्याची आठवण येते. गोवऱ्यांचा धूर, दवाने भिजलेली सतरंजी, छोट्या गाडीची शिटी, शेळ्यांना घातलेल्या न समजणाऱ्या हाका.

सायकल अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर बसण्याचे माझे वय आता राहिले नाही. सायंकाळी मी फाटकाबाहेर पान ठेवतो, दोन घास. हात धुतो आणि संध्येला बसतो. सकाळी अंगण झाडतांना सुशीला ते रिकामे पान उचलते. कुठून उचललेस, हे मी तिला विचारीत नाही. आणि तीही मला सांगत नाही.