वेखंडाचं बोट

लेक साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही. अंगणात बसून वाटी गरागरा फिरवायची, तासन्‌तास. नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. डॉक्टर म्हणाले, "बोलंल की, घाई काय हाय?" सासूबाईंनी मात्र सहाण काढली. वेखंड उगाळायचं, मधात कालवायचं आणि रोज सकाळी पोरीच्या जिभेवर चोळायचं, म्हणजे वाचा फुटते. आमच्याकडं सगळ्यांच्याच पोरांना लावतात की! दीड वर्ष मी एक दिवस चुकवला नाही. दर पौर्णिमेला नृसिंहवाडी केली, जयसिंगपूरच्या वैद्यांच्या पुड्याही झाल्या. पोरगी हातपाय झाडायची आणि मी तिला गुडघ्यांत दाबून तोंड उघडायची. कुणी दगड कुटून घाल म्हटलं असतं, तर तोही घातला असता. एवढी येडी झालते मी.

मग पुण्याहून महिन्यातून एकदा कोल्हापुरात येणाऱ्या एका बाईंचा पत्ता लागला. मुलांना बोलायला शिकवायच्या. पोरीला घेऊन गेले, तर त्या तिच्या शेजारी बसल्या आणि स्वतःही एक वाटी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला स्वमग्नता म्हणतात. यावर औषध नाही. पण रोज थोडं थोडं शिकवलं तर पुष्कळ येतं."

"औषध न्हाय तर मग तुमच्याकडं कशाला आलोय आम्ही?" मी ओरडलेच.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मधापासून सुरू करू." वरच्या ओठाला थेंबभर मध लावायचा. तो चाटायला पोर जीभ बाहेर काढतं, जिभेला वळण लागतं.

त्यांनी बाटली उघडली मात्र, नुसत्या वासानंच पोरगी किंचाळली. दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला जाऊन चिकटली. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी वेखंडाचं सांगितलं. बाईंनी बाटलीला झाकण लावलं.

घरी आले तर सहाणेवर सकाळचं वेखंड तसंच वाळलं होतं. बोट ओलं करून मी ते माझ्याच जिभेवर चोळलं. दीड वर्षात एकदाही चाखून बघितलं नव्हतं की मी! जीभ पेटली, डोळ्यांतून पाणी आलं. समोर पोरगी ओठ मिटून माझ्या बोटाकडं बघत होती.

"नको म्हण की गं मला," मी तिच्यापुढं गुडघे टेकले. "एकदा तरी नको म्हण, बाई."

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. दीड वर्ष ती हेच तर सांगत होती.