पोर्तुगालची स्थापना, वाशी

सर्व सुजाण नागरिकांनी हातातलं काम बाजूला ठेवून, शक्य तर उभं राहून ऐकावं: पोर्तुगालच्या राज्याची स्थापना वाशीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गणपतीच्या मांडवात झाली. मी तिथे होतो. किंबहुना मीच राजा होतो.

कोकणकिनाऱ्यावर पुढे किल्ले बांधणारं हे राज्य बाराव्या शतकात एक चिमुकली जहागीर होती. जहागीरदार वारला, विधवा कारभार बघू लागली. मुलगा मोठा झाला आणि थेट आईच्याच फौजेवर चालून गेला. जिंकला. दंतकथेत तर तिला बेड्याही घातल्या. पोपने त्याला राजा म्हणेपर्यंत बिचारा म्हातारा झाला.

यावरचं गणपतीतलं नाटक मीच लिहिलं आणि त्याला कारण होतं. आम्ही नवरा-बायकोने पनवेलजवळ करंजाड्याला छोटं घर घेतलं होतं. वाशीचं घर आईचं, कारभारही तिचाच. धाकटा भाऊ तिच्यापाशी राहणार होता. वेगळं व्हायचंय, एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं.

"अहो, चाव्या मिळाल्या. आता तरी सांगा आईंना," बायको म्हणायची.

मी गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. तोंड उघडायचो आणि चहा मागायचो. उगाचच लिफ्टने खाली जाऊन वर यायचो.

जहागीरदारणीचं काम करायला सोसायटीतली एकही बाई तयार होईना. मुलाकडून हरायचं, तेही शेजाऱ्यांसमोर?

"मी हरते," आई म्हणाली. "सवय आहे."

सेक्रेटरीकाकांना वेगळीच काळजी. "बाप्पासमोर आईवर तलवार काढणार तू?"

"पुठ्ठ्याची आहे, काका."

"पुठ्ठ्याची असली तरी आई खरी आहे ना."

तालमीत आई संवाद विसरायची आणि भलतंच विचारायची. "या राजाच्या नव्या गावात पाणी किती वाजता येतं रे?"

"आई, बारावं शतक आहे."

"म्हणूनच विचारते. टँकर नसतील."

मी हसलो. रात्रभर मात्र कूस बदलत राहिलो.

प्रयोगाच्या संध्याकाळी मांडव भरला. आई लाल मखमल टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, पदर त्याच्यावरून. ढोल वाजला. मी तलवार उपसून मांडव हादरवत आलो, तिच्यासमोर उभा राहिलो, आणि माझं दगाबाज शरीर आपोआप वाकलं. शाळेचा पहिला दिवस असो, नोकरीचा असो की लग्नाचा, कशालाही निघताना आधी आईच्या पाया पडायचं, हेच त्याला शिकवलेलं. पोर्तुगालचा बंडखोर राजा शत्रूच्या पायांवर डोकं ठेवून मोकळा झाला.

मांडवात हशा पिकला. काकांनी तर टाळ्या वाजवल्या. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो काढेचना. मी खालूनच कुजबुजलो, "आई, सोड. बेड्या घालायच्या आहेत."

तिने दोन्ही हात पुढे केले. पदराला माइक लावलाय हे ती साफ विसरली होती.

"करंजाड्याला खुशाल जा, पण बेड्या जरा सैल घाल, मनगट दुखतंय."