बरुआसागरच्या वाटेवर, आरोग्य केंद्राच्या अंगणातली चूल

हे प्रवासवर्णन एक विधान सिद्ध करण्यासाठी लिहिले आहे, तेव्हा ते विधान आधीच मांडते. बाळंतीण आरोग्य केंद्रात पोहोचणे आणि ती तिथे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. पहिलीला रस्ता आणि वाहन पुरते. दुसरीसाठी घरातल्या थोरल्या बाईचा अडथळा दूर करावा लागतो, आणि तो उपदेशाने नव्हे, चुलीने दूर होतो. ज्यांना झाशीला जाऊन केवळ किल्ला पाहायचा आहे, त्यांच्याही उपयोगाचे तपशील वाटेत येतील.

निमित्त माझ्या भाचीचे. माझी धाकटी बहीण शैला लग्न होऊन झाशीच्या एका जुन्या मराठी घरात गेली. तिची मुलगी मुक्ता डॉक्टर आहे आणि बरुआसागरच्या पुढे एका खेड्यातले आरोग्य केंद्र सांभाळते. डिसेंबरात तिचा फोन आला. "मावशी, तुम्ही जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेत. माझ्या सेंटरवर या आणि सांगा, मी जे केले त्यात लॉजिक आहे की नाही. शेजारच्या सेंटरचे डॉक्टर म्हणतात, हे दवाखान्याचे काम नाही." काय केले आहे, असे विचारल्यावर ती म्हणाली, "अंगणात चूल बांधली." मी तिकीट काढले.

पुण्याहून झाशीला थेट गाड्या आहेत. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग प्रवासात जातो. जानेवारीत जाणाऱ्यांनी धुके गृहीत धरावे. आमची गाडी भोपाळनंतर रेंगाळत गेली. स्थानकाचे नाव आता बदलले आहे, पण बाहेरचे रिक्षावाले अजून "झांसी, झांसी" असेच ओरडतात. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. मानिक चौकाच्या अलीकडे रिक्षा थांबते. पुढे गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की समोरून कापडाचा गठ्ठा घेतलेला हमाल आला तर आपणच दुकानाच्या पायरीवर चढावे लागते. शैलाचे घर तिथून हाकेच्या अंतरावर.

रात्री जेवणासाठी शैलाची हाक आली ती अशी: "ताई, पाटपाणी झाले, जेवण लागले." पहिला शब्द तिच्या सासूबाईंकडून आलेला, दुसरे क्रियापद हिंदीतून. पानात मेथीची भाजी, ज्वारीऐवजी बाजरी आणि बेडई, म्हणजे तिकडची उडदाची फुगलेली पुरी. वादही पानावरच सुरू झाला. शैलाचे यजमान माधवराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांचे म्हणणे सरळ होते.

"अक्का, हा सगळा रस्त्याचा प्रश्न आहे. रस्ता झाला, रुग्णवाहिका आली, विषय संपला."

"बाबा, रचना रुग्णवाहिकेतूनच आली होती," मुक्ता म्हणाली. "आणि रुग्णवाहिकेनेच परत आली. मधे काय झाले, ते पण सांगा ना."

रचना ही मुक्ताच्या केंद्राजवळच्या गावातली सून. पहिल्या खेपेला तिचे बाळंतपण केंद्रात सुखरूप झाले होते. दोन दिवस थांबायचे ठरले असताना सासूने तिला त्याच दुपारी घरी नेले. घरी तिला रक्तस्राव सुरू झाला. पुन्हा गाडी बोलावून आणेपर्यंत ती शुद्धीत नव्हती. वाचली, पण कशीबशी. आता ती दुसऱ्यांदा दिवसांत होती, दिवस भरले होते, आणि मुक्ताला एकाच गोष्टीचा घोर होता: या खेपेला सासू तिला थांबू देईल का?

"पण सासूने तिला नेले कशासाठी?" मी विचारले.

"चरुआसाठी."

चरुआ म्हणजे बुंदेलखंडातला बाळंतिणीचा उकाळा, आणि तो ज्या मातीच्या घड्यात उकळतो तो घडाही. सुंठ, ओवा, पिंपळमूळ आणि इतर जडीबुटी घातलेले पाणी सासूने स्वतः चुलीवर चढवायचे. बाळंतीण पुढचे काही दिवस तेच पाणी पिते. घड्याला शेणाची नक्षी काढून त्यात जव खोवतात, आजूबाजूच्या बायका गाणी म्हणतात. चरुआ चढला नाही तर बाळंतपण पुरे झाले, असे कोणी मानत नाही. आणि तो घराच्या चुलीवरच चढतो. मुक्ताने वर्षभर सासवांना समजावले, पत्रके वाटली, रागावूनही पाहिले. शेवटी गावकऱ्यांच्या मदतीने केंद्राच्या मागच्या अंगणात, प्रसूतिकक्षापासून लांब, पत्र्याच्या छपराखाली चूल बांधून घेतली.

"म्हणजे आता दवाखान्यात स्वयंपाकघर!" माधवराव म्हणाले. "उद्या न्हाणीघर मागतील."

"तेही हवेच आहे," मुक्ता म्हणाली आणि पुरी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहिला. ऊन वर येण्यापूर्वी जावे, तटावरून शहर स्पष्ट दिसते, आणि मार्गदर्शक घेतलाच तर त्याची प्रत्येक कथा इतिहास समजू नये. मी त्याला दोन प्रश्न विचारले, तेव्हा तो शैलाला म्हणाला, "दीदी जी वकील हैं क्या?" संध्याकाळी मानिक चौकातल्या जडीबुटीच्या दुकानात गेलो. मुक्ताला केंद्रासाठी चरुआचे सामान हवे होते. कोणी रिकाम्या हाताने आली तर अडू नये म्हणून ती ते जवळ ठेवते.

दुकानदाराने पुड्या बांधता बांधता विचारले, "बधाई हो! किसके यहाँ हुआ?"

"सरकार के यहाँ," मुक्ता म्हणाली.

तो हसत सुटला. "फिर तो नेग भी सरकार से लेना पड़ेगा!"

चरुआ चढवणाऱ्या सासूला मान म्हणून जो आहेर मिळतो, तो नेग. मी त्याला विचारणार होते, की या सामानातल्या कोणत्या घटकाचा कोणता गुण त्याला ठाऊक आहे. पण मुक्ताने माझा दंड धरला. "मावशी, इथे बहस नका करू हां. मागे लाइन लागली आहे."

तिसऱ्या दिवशी बसने निघालो. झाशीहून बरुआसागरकडे दिवसभर बस मिळतात, भाडे किरकोळ आहे. खिडकी मात्र डाव्या बाजूची घ्यावी, कारण बेतवेच्या पुलावर सकाळचा प्रकाश तिकडून सुरेख दिसतो. बरुआसागर आल्याचे आधी नाकाला कळते. हा आल्याचा मुलूख. रस्त्याकडेला ताज्या आल्याचे ढीग, त्यांना लागलेली ओली माती आणि थंडीतला तो तिखट वास. तलाव मोठा आहे, काठावरचा जुना किल्ला शांत आहे, आणि चौकातली गरम मुगोडी, म्हणजे मुगाची भजी, चटणीसकट खावी.

केंद्रात पोहोचतो तोच रुग्णवाहिका फाटकातून आत आली. मागचे दार उघडले. आधी उतरली एक उंच, हाडापेराने मजबूत बाई, कडेवर लेकरू घ्यावे तसा मातीचा घडा घेऊन. तिच्या मागून आशा बहूच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, आधाराने रचना. मुक्ता मला हळूच म्हणाली, "याच त्या सासूबाई. जमना काकी."

रचनाला आत नेले. जमना काकी माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"काए जिज्जी, तुमाए कित्ते मोड़ा-मोड़ी?"

मुलेबाळे नाहीत, लग्नच केले नाही, असे मी सांगितले.

"एकऊ नइयाँ!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तब तौ तुमें फुरसतई फुरसत. तबई पूना से चूल्हो देखबे आ गईं."

मुद्दा मी तिथेच मान्य करून टाकला. अशी वेळ माझ्यावर फार क्वचित आली आहे.

दुपारी मुलगी झाली. रडण्याचा आवाज बाहेर आला तेव्हा आशा बहूने काकींकडे चोरून पाहिले. कित्येक घरांत मुलीसाठी चरुआ उरकून टाकतात, असे तिने मला आधी सांगितले होते. काकींच्या ते लक्षात आले. "मोड़ी भई तो का भओ? जच्चा तो जच्चा है," त्या म्हणाल्या. मुलगी झाली म्हणून बाळंतीण काही कमी बाळंतीण होत नाही. इतके शुद्ध अनुमान मी पदवीच्या वर्गातही फार वेळा ऐकलेले नाही.

मग त्या चूल पाहायला मागे गेल्या. कमरेवर हात ठेवून छपर पाहिले, सरपण हाताने दाबून पाहिले, राख उकरली. मुक्ता दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण मला दिसत होता.

"चूल्हो तो नोनो है," काकी म्हणाल्या. चूल चांगली आहे. "पर हमाओ नइयाँ." पण आमची नाही.

सगळे वर्षभराचे श्रम त्या तीन शब्दांवर येऊन थांबले. मी पुढे होऊन युक्तिवाद करणार, इतक्यात काकींनी कनवटीला बांधलेले फडके सोडले. आत मातीचे ढेकूळ होते. घरून निघताना स्वतःच्या चुलीची कड फोडून आणलेले. ते त्यांनी पाण्यात कालवले आणि केंद्राच्या चुलीला आतून बाहेरून लिंपून काढले. हात धुतले. "अब जो चूल्हो हमाओ."

मुक्ता माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. ही तोड कोणाच्याच आराखड्यात नव्हती. काकींनाही रचनाच्या मागच्या खेपेचा धसका होताच. त्यांना सून थांबायला हवी होती आणि चरुआही हवा होता, आणि घरून निघतानाच त्यांनी दोन्हींची सोय कनवटीला बांधली होती.

घड्यावर शेणाची नक्षी निघाली, जव खोवले गेले, पाणी उकळू लागले. आतल्या आणखी दोन बाळंतिणींच्या सासवा येऊन बसल्या आणि गाणे सुरू झाले. अंगणभर सुंठीचा वास पसरला. परिचारिका खिडकीतून ताल धरत होती.

दिवस कलायला लागला तेव्हा काकी पहिला पेला भरून आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग होते. त्यांनी रचनाच्या कपाळावर हात ठेवला, मग पांघरूण उचलून पाहिले, आणि पेला माझ्या हातात कोंबला.

"डाक्टरनी बाई! जल्दी आओ, जो ठीक नइयाँ!"

खालचे कापड भिजले होते. नुकतीच पाहून गेलेली परिचारिका आणि मुक्ता धावतच आल्या. त्यानंतरची गडबड ही गडबड नव्हतीच. तिथे प्रत्येक हाताला आपले काम ठाऊक होते. गर्भाशय आवळावे म्हणून मुक्ता रचनाचे पोट चोळत होती, परिचारिकेने सुई दिली, सलाइन चढले. रचना एकदाच म्हणाली, "अम्मा, फिर वही हो रहा है क्या?"

"नइयाँ," काकी म्हणाल्या. "ऊ बेर हम घरै हते." त्या वेळी आपण घरी होतो.

मी पेला घट्ट धरून उभी होते. रक्तस्राव थांबला. बाहेर तलावाकडच्या बाजूला अजून ऊन होते. बऱ्याच वेळाने मुक्ताने रचनाची नाडी पुन्हा पाहिली, हात पुसले आणि म्हणाली, "काकी, अब पिलाओ अपना पानी." माझ्या हातातले निवले होते. काकींनी ते ओतून दिले आणि घड्यातून ताजे आणले.

रचना ठरल्याप्रमाणे दोन्ही दिवस थांबली. तिसऱ्या सकाळी ती मुलीला घेऊन स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. फाटकापाशी काकींनी नेग मागितला, सरकारकडून. मुक्ताने अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि अंगणातल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेजारच्या केंद्राचे ते शंकेखोर डॉक्टर आले होते. मागे जाऊन त्यांनी चुलीची लांबीरुंदी वितीने मोजली आणि गवंड्याचे नाव विचारून घेतले. त्या रात्री झाशीत माधवरावांनी पान वाढण्याआधीच सांगून टाकले, "अक्का, रस्ता आवश्यक आहे, पुरेसा नाही. मान्य." शैला म्हणाली, "लिहून घे ताई, उद्या फिरतील."

पुण्यात परतून आता काही आठवडे झाले. बरुआसागरचे आले ओट्यावरच्या कुंडीत लावले, त्याला कोंब आला आहे. मुक्ताचा फोन परवा आला: शेजारच्या केंद्रात चूल झाली, आणि पहिल्याच सासूने विचारले, घरची माती आणलेली चालेल का? माझे विधान सिद्ध झाले, असे मी समाधानाने म्हणू शकते. निष्कर्ष टिकला. मात्र त्याकडे नेणारी माझी एक पायरी टिकली नाही, आणि ती लपवणे मला शोभणार नाही.

चूक कबूल. पहिल्या परिच्छेदात मी घरातल्या थोरल्या बाईला अडथळ्यांत गणले आणि चूल ही तिला दिलेली सवलत मानली. तो परिच्छेद मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. रचनाचे पांघरूण ज्या हाताने उचलले तो हात चुलीमुळे तिथे होता. म्हणजे चूल ही उपचाराची किंमत नव्हती, उपचाराचाच भाग होती, आणि जमना काकी अडथळा नव्हत्या, शुश्रूषेत होत्या. वर्गवारी चुकली होती. ती माझी.

— इंदुमती लिमये, पुणे