लांडोर आत, मोर बाहेर

पुतीबेनच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत मोर आणि लांडोर गोंदलेली होती. पोरबंदरकडच्या मेर जमातीच्या बायका या गोंदणाला त्राजवां म्हणतात. लहानपणी तिच्या आईनं तिला मांडीखाली दाबून धरलं होतं आणि गोंदणारणीनं सुया टोचल्या होत्या. पुढं मात्र तोच हात ती मिरवायची. आमच्या दारात दूध मापताना बांगड्या मागं सारायची आणि माझ्या कोऱ्या हातांकडं बघून हसायची.

"काय गं बेन, तुझ्या बापाला सुया परवडल्या नाहीत? वर गेल्यावर काय दाखवशील? सोनं सुना काढून घेतात, कपडे आंघोळ घालणाऱ्या काढतात. हे कुणाच्या बापाला काढता येत नाही."

हा तिचा नुसता विनोद नव्हता. देव आपल्याला या ठिपक्यांवरून ओळखतो, असं ती धरून चालली होती. मी रोज देवापुढं दिवा लावणारी बाई, पण एवढी खात्री मला कधी वाटली नाही.

दुपारी ती आणि तिची थोरली जाऊ वेजीबेन ओट्यावर बसून एकाच डबीतली बजर हिरड्यांना चोळायच्या. बजर म्हणजे आपल्या मिशरीसारखीच तंबाखूची पूड. पुतीच्या उजव्या गालात आधी गाठ आली, मग जखम झाली. गालाला भोक पडायची वेळ आली तेव्हा नवरा लखमणभाई तिला पोरबंदरहून राजकोटच्या इस्पितळात घेऊन गेला. सोबतीला वेजीबेन आणि मी होतो.

डॉक्टर म्हणाले, "बेन, कॅन्सर आरपार आहे. गाल आतून-बाहेरून काढावा लागेल. त्या जागी तुमच्या डाव्या हाताचं कातडं लावू, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट. त्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या."

पुतीनं हात ओढणीखाली घेतला. "हात नाही. मांडीचं घ्या, पोटाचं घ्या."

"ते जाड पडतं. तोंड मिटणार नाही."

तिनं ओढणीखालून हात पुन्हा बाहेर काढला. मग म्हणाली, "कापलेलं माझ्याच अंगावर राहणार? टाकून नाही ना देणार?"

"तुमच्याच अंगावर. घडी घालून बसवू. हा मोर बाहेर, गालावर. ही लांडोर आत, तोंडात."

"लांडोर आत, मोर बाहेर," पुती म्हणाली. "म्हणजे आमच्या घरासारखंच की!"

लखमणभाई मान खाली घालून हसला. वेजीबेन म्हणाली, "बरं झालं. नवऱ्याला शिव्या द्यायला तोंड उघडलंस की लांडोर टोचेल." पुतीनं तिला अंगठा दाखवला.

ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी बघितलं तर मोर खरंच गालावर होता, जरा आडवा, चहूबाजूंनी टाके. सिस्टर सारख्या येऊन हात लावून बघायच्या, कातडं गरम आहे का, रंग बदलतोय का.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी बदलली. नवीन सिस्टर आली, कोवळी पोरगी. वाकून म्हणाली, "हे निळं दिसतंय. सकाळी असंच होतं का?"

वेजीबेन खाटेशी बसली होती. कौतुकानं म्हणाली, "अगं, त्राजवां आहेत ती. निळीच असतात. जन्मभर निळा आहे तो मोर!" आणि स्वतःचा हात पुढं करून तिला दाखवला. पोरगीनं हात बघितला, मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

पण ठिपक्यांच्या मधलं कातडंही निळं पडलं होतं. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली, तर काळं, दाट रक्त आलं. धावपळ करून पुन्हा आत नेलं. कातड्यात रक्त जात होतं, पण परतीची वाहिनी गुठळीनं बंद झाली होती. लवकर कळलं असतं तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. वेजीबेन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

कातडं जगलं नाही. सगळं काढलं आणि छातीचं कातडं वर ओढून गाल झाकला. लखमणभाईनं वॉर्डबॉयला हळूच विचारलं, "ते काढलेलं कुठं ठेवलंय?"

"पिवळ्या पिशवीत, काका. भट्टीत जातं ते."

पुती शुद्धीवर आली. चार दिवसांनी तिनं खुणेनं आरसा मागितला. गाल कोरा होता. तिनं डोळे आमच्याकडं फिरवले. वेजीबेन कुणाकडंही न बघता म्हणाली, "मोर गेला गं. पण लांडोर आत आहे. आतली शाबूत आहे." लखमणभाईनं आरसा काढून घेतला, मीही तिला खोडलं नाही.

घरी आल्यावर बाजरीचा रोटला ताकात कुस्करून द्यायचो, तो निम्मा ओठांच्या कोपऱ्यातून गळायचा. कॅन्सरसाठी दिलेल्या किरणांच्या शेकानं तोंड कोरडं पडलं. बोलणं आम्हालाच काय ते कळायचं. तिची जीभ सारखी उजव्या बाजूला जायची, तिथं काहीतरी चाचपायची.

एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं आणि माझ्या हातात बॅटरी दिली. "लांडोर बघ."

वेजीबेन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्यापुढं हात जोडत होती. तिच्या हातावर मोर होता, लांडोर होती, दोन्ही.

पुतीचं तोंड दोन बोटंच उघडायचं. मी आत उजेड धरला. छातीचं फिकट कातडं होतं, सपाट, चिकट. एक ठिपका नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"आहे," मी म्हटलं.

पुतीनं तोंड मिटलं. माझ्याकडं बघत विचारलं, "कुठं तोंड करून आहे ती?"

इतकी वर्षं तो हात माझ्या दारात दूध मापत होता. मला आठवेना. मी वेजीबेनच्या हाताकडं बघितलं, तर तिनं तो पदराखाली घेतला होता.

पुतीनं माझ्या हातातून बॅटरी घेऊन विझवली. मग वेजीबेनकडं वळून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "भाभी, बजरची डबी आण."

डॉक्टरांनी बजर बंद केल्यापासून कोनाड्यात कापडामागं लपवलेली डबी वेजीबेननं काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढं ठेवली.