पाय दाखवायला गेलो, मॅडमनी हात मागितला

भाई लोग, वर्षभर माझ्या पायाचे तळवे कोरडे पडून पिठासारखे झडत होते. खाज नव्हती, म्हणून आई म्हणायची, "उन्हात भटकतोस ना, अजून भटक!" हल्ली भेगा इतक्या दुखायच्या, की वाटलं आपलं फिरणं संपलं.

आज मावा जिलबी खायला बुधवारा भागात गेलो, दवाखान्याची पाटी दिसली आणि आत शिरलो. डॉक्टर मॅडमनी पाय पाहिले. म्हणाल्या, "आता हात दाखव."

"भविष्य बघता काय मॅडम?"

उजवा तळहातही तसाच कोरडा, डावा एकदम साफ! "ह्याच उजव्या हातानं पाय खरवडतोस ना?" त्यांनी थोडी कातडी काढून मायक्रोस्कोपखाली मलाही दाखवली. बुरशीचे धागे! पायाची बुरशी हातालाही लागली होती.

"मग फिरणं?"

"खूप फिर. औषध मात्र मध्येच सोडू नको."

नाचतच घरी आलो आणि आधी आईचे तळहात तपासले. "पागल झाला का रे?" म्हणाली.

तुमचे दोन्ही तळहात सारखे आहेत ना?